गवताचा घास

गेल्या दिवाळीनंतर माझा पुतण्या शहागडहून आला. बसला, पाणी प्याला आणि मोबाईलवरची चार-पाच चित्रे माझ्यापुढे धरून म्हणाला, "बडे अब्बा, यातलं कोणतं घेऊ?" चित्रांत ट्रॅक्टरच्या मागे जोडायची गवत कापणीची यंत्रे होती. लाल, पिवळी, निळी. त्याच्याकडे मोसंबीच्या बागेसाठी घेतलेला वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आहे. नदीकडच्या अंगाला आमचे पाचेक एकर कुरण अजून शिल्लक आहे. बागेतले तण आणि कुरणातले गवत, दोन्ही एकाच यंत्राने कापावे असा त्याचा बेत होता. मी म्हटले, "अरे, मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. मला यंत्रातले काय कळते?" तो म्हणाला, "पण गवतातलं कळतं ना? दादीबरोबर तुम्हीच जात होता कापायला."

हे मात्र खरे होते. म्हणून यंत्राच्या निमित्ताने आज गवत कापण्याच्या इतिहासाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. पण राजाचा घोडा ज्या गवतावर जगला, ते कोणी कापले, हे सहसा कोणी विचारत नाही.

आमच्या घरात दखनी बोलली जाते, गावात मराठी. त्यामुळे एका शब्दाने मला लहानपणी फार गोंधळात टाकले होते. घरी घास म्हणजे गवत. शाळेत घास म्हणजे तोंडात घालायचा घास. अम्मा विळा कमरेला खोचून म्हणायची, "चल, घास लाने." पुढे कळले की आमच्या घरापुरता तरी या दोन शब्दांत फार फरक नव्हता. गवताचे दोन भारे विकले की संध्याकाळी चूल पेटायची.

शहागड हे गोदावरीच्या डाव्या तीरावरचे गाव. पूल ओलांडला की पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. नदीकाठची काळी माती आणि वरच्या अंगाचे मुरमाड माळ, असे दोन्ही प्रकार आमच्याकडे आहेत, त्यामुळे गवतही दोन्ही तऱ्हेचे. काळ्या रानात मारवेल आणि शेतकऱ्याला नकोसा कुंदा. माळावर पवना, डोंगरी आणि कुसळी. अम्माला ही सगळी नावे पाठ होती आणि प्रत्येकाची वेळही. कुसळी गवत फुलोऱ्यात असतानाच कापायचे. दसरा उलटून गेला, कुसळे पक्व झाली, की तेच गवत जनावराच्या तोंडात टोचते, मेंढीच्या लोकरीत घुसते आणि कापणाऱ्या बाईच्या लुगड्याला शेकड्याने चिकटते. शेतीचे शास्त्रही हेच सांगते. फुलोऱ्यात गवताचा कस सर्वांत चांगला असतो; बी धरले की कस उतरतो आणि उरते ती काडी.

कुरणाचा मालक गवताची हर्रासी करी, नाही तर अर्धलीने कापायला देई. अर्धली म्हणजे कापणारणीने कापायचे, पेंढ्या बांधायच्या, गंजी लावायची आणि अर्ध्या पेंढ्या न्यायच्या. अम्मा अर्धलीने कापायची. उकिडवे बसून, डाव्या मुठीत गवत धरून, उजव्या हाताने विळा स्वतःकडे ओढायचा. युरोपात लांब दांड्याचे, उभ्याने फिरवायचे कोयते होते. आपल्याकडे ते रुजले नाहीत. आपल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या बसूनच कापले. त्याची किंमत गुडघ्यांनी आणि कमरेने मोजली.

आता थोडे मागे जाऊ. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते १६७० च्या दशकातले. लोक त्या पत्रातील रयतेला त्रास न देण्याची ताकीद आठवणीत ठेवतात. मला त्यातले गवत आठवते. पावसाळा काढायचा आहे, दाणा आणि गवत जपून वापरा, असे महाराज सांगतात. गवताच्या गंज्यांजवळ चुली पेटवू नका, चिलीम ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, नाही तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, असा बारकाईचा इशारा देतात. गवत जळाले तर घोडी मरतील, आणि त्या घोड्यांना तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय. ज्या राजाला उंदीर आणि वात यांचा विचार सुचतो, त्याला आपले राज्य कशावर उभे आहे हे नीट ठाऊक होते.

पुढे १८०३ च्या सप्टेंबरात आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावी इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. नंतर जालन्यात छावणी बसली. इंग्रजी अमदानीतील घोडदळात घोड्यामागे एक मोतद्दार आणि एक गवत कापणारा असे. त्याला घसियारा म्हणत. पगाराच्या पत्रकांत तो शेवटच्या रांगेत असे. रोज खुरपे घेऊन बाहेर पडायचे आणि एका घोड्याला पुरेल एवढे गवत, बहुधा मुळासकट हरळी, खरवडून आणायचे, हे त्याचे काम. लढाईच्या इतिहासात त्याचे नाव नाही. पण सकाळी तो गेला नाही तर घोडा उभा राहत नसे.

यंत्राचा इतिहास सुरू होतो तो १८३० च्या सुमारास, आणि तोही एकदम दोन वाटांनी. इंग्लंडात एडविन बडिंग नावाचा कारागीर कापड गिरण्यांच्या परिसरात काम करी. लोकरीच्या कापडावरचे तंतू कातरून ते गुळगुळीत करणारे यंत्र त्याने पाहिले होते. कापडाची लव कातरता येते तर हिरवळीची का नाही, असे त्याच्या मनात आले आणि १८३० साली त्याने हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते बागांसाठी होते. दुसरी वाट शेताची. अमेरिकेत ओबेड हसी याने १८३३ मध्ये आणि सायरस मॅकॉर्मिक याने १८३४ मध्ये कापणी यंत्राची पेटंटे घेतली. त्यात दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि कात्रीसारखी ताटे कापते. या कात्री-पट्टीने कापलेले गवत जागच्या जागी अखंड आडवे पडते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आपल्याकडे यंत्र आले ते कापणीच्या नव्हे, तर कुट्टीच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघाले की आपण लोखंडी नांगर म्हणतो. पण बेळगावात सायकलींच्या दुकानातून कारखानदारीकडे वळताना त्यांनी आधी हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र. नांगर त्यानंतर, १९०३ च्या सुमारास. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, हे पुष्कळांनी वाचले असेल. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि कडबा कुट्टीचे चाक हळूहळू गावोगाव फिरू लागले.

आमच्या गल्लीतही एक चाक आले, विजेच्या मोटारीवर चालणारे. साल १९८५, मी नववीत होतो. अब्बा दुसऱ्याच्या गोठ्यावर कामाला होते. पात्याला झाकण नव्हते. ते काढून ठेवले होते, कारण झाकण असले की कडबा अडकतो आणि वेळ जातो. एका संध्याकाळी अडकलेली पेंढी पुढे लोटताना अब्बांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर त्यांना सही करता आली नाही. अंगठा मात्र शाबूत होता. ते हसून म्हणायचे, "सरकारला लागतो तेवढा अंगठा राहिला की." मळणी यंत्रांत असे अपघात देशभर इतके झाले की संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला होता. पण आमच्या गोठ्यापर्यंत तो पोहोचला नव्हता. म्हणून पुतण्याने चित्रे दाखवली तेव्हा मी रंग पाहिला नाही, किंमतही विचारली नाही. आधी पाहिले ते झाकण.

आता ट्रॅक्टर. स्वतंत्र भारतात सरकारने ट्रॅक्टर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला तोच मुळी गवताविरुद्ध. मध्य भारतातील लाखो एकर जमीन कांस नावाच्या गवताने व्यापली होती. त्याची मुळे इतकी खोल की बैलांच्या नांगराला ती दाद देत नसत. १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. तिने महायुद्धानंतर मागे राहिलेले अमेरिकी ट्रॅक्टर या कामाला लावले. १९४९ साली जागतिक बँकेने शेती यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्यात ही कांस काढण्याची मोहीम होती. म्हणजे एका गवतासाठी देशाने कर्ज काढले. पुढे १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, १९६० च्या दशकात महिंद्रा आले, १९७४ मध्ये पंजाबात भारतीय आराखड्यावर बनलेला स्वराज आला. मोसंबीच्या दोन ओळींत मावणारे पंधरा-वीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर आमच्या भागात दिसू लागले ते पुष्कळ नंतर.

या ट्रॅक्टरच्या पाठीवर औजार कसे बसते, त्याचाही इतिहास आहे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने औजार तीन ठिकाणी जोडून ते तेलाच्या दाबाने उचलण्याची रीत सिद्ध केली, आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर ती जगभर गेली. मागे फिरणारा दांडा, ज्याला आपले शेतकरी पी.टी.ओ. म्हणतात, तो त्याआधीचा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, ही मोजणी ठरून गेली. या दोन सोयी झाल्यावर १९५१ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात बुश हॉग नावाच्या कंपनीने ट्रॅक्टरमागचे फिरत्या पात्याचे कटर बाजारात आणले. डब्यासारख्या लोखंडी छताखाली दोन जाड पाती गरगरा फिरतात आणि समोर येईल ते झोडपून तोडतात. आपल्याकडे त्याला रोटरी कटर किंवा स्लॅशर म्हणतात. पुतण्याच्या मोबाईलमधली बहुतेक चित्रे याच जातीची होती.

दरम्यान आमच्या कुरणाचे काय झाले? १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. डावा कालवा अंबड तालुक्यातून गेला. पाणी आले, ऊस आला, अंकुशनगरला साखर कारखाना झाला, मोसंबीच्या बागा वाढल्या. हे सगळे चांगलेच झाले. त्याच पाण्यावर आमचे घर पुढे गेले आणि त्याच पैशात माझ्या भावाने जमीन घेतली. पण ज्या जमिनीला पाणी मिळाले तिच्यावर गवत ठेवायला कोणी तयार होईना.

गायरानांची कथा याहून अवघड आहे. गावच्या जनावरांसाठी राखलेली जमीन म्हणजे गायरान. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांना ही पडीक जमीन कसायला मिळावी म्हणून १९५३ मध्ये मराठवाड्यात सत्याग्रह झाला. पुढे १९५९ आणि १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे मोठे लढे झाले. लोक हजारोंनी तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. दुसरीकडे, सामाईक जमिनी गिळणाऱ्या धनदांडग्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये कडक निकाल दिला. भूमिहीनाची भाकरी आणि गावच्या गाईचे गवत एकाच जमिनीवर मागायला उभे राहिले, ही आपल्या खेड्याची खरी अडचण. आणि या दोन्ही रांगांत न मोजली गेलेली एक बाई होती, डोक्यावर भारा घेतलेली. तिची जमीनही नव्हती आणि गायही नव्हती.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येतो. त्याला मी जे सांगितले ते असे.

रोटरी कटर गवत कापते म्हणण्यापेक्षा ते फोडते आणि उधळते. बागेत हेच हवे असते. मोसंबीच्या ओळींमधले तण बारीक होऊन तिथेच पसरते, ओल धरते, कुजून खत होते. कुरणातही त्याचे एक काम आहे. जनावरे चरून गेली की तरोटा, रानतुळस असली नको ती झाडे मागे उरतात. त्यांना बी धरण्याआधी छाटले तर पुढच्या वर्षी चांगल्या गवताला जागा मिळते. मात्र जे गवत गंजीला लावायचे, जनावराला घालायचे, त्यावर हे यंत्र फिरवणे म्हणजे वाढलेले ताट मातीत उपडे करणे. तुकडे मातीत मिसळतात, गोळा होत नाहीत, पेंढी बांधता येत नाही. चाऱ्याच्या गवताला ती जुनी दातेरी कात्री-पट्टीच बरी. ओल्या गवतात ती तुंबते, दगडाने तिचे दात मोडतात, धार सारखी लावावी लागते. पण गवत अखंड राहते.

दुसरे, आकार. फुटाला साधारण पाच अश्वशक्ती असा ठोकताळा आहे, आणि इंजिनची सगळी ताकद मागच्या दांड्यापर्यंत पोहोचत नाही. वीसच्या ट्रॅक्टरला पाच फुटी कटर दुकानदार देईल. ट्रॅक्टर मात्र दाट गवतात मान टाकेल. तीन-साडेतीन ते चार फूट पुरे. पण कटर दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा थोडे रुंद हवे. नाही तर चाकाखाली दबलेल्या गवताच्या दोन रेघा तशाच उभ्या राहतात. कटर उचलल्यावर पुढची चाके हलकी होतात का, तेही पाहायचे. होत असतील तर पुढे वजन लावायचे.

तिसरे, पात्याचा वेग. चार फुटी घेरातले पाते मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात जातो. आमच्या माळावर दगड आहेत. त्या वेगाने उडालेला दगड बंदुकीच्या गोळीचे काम करतो. म्हणून पुढेमागे साखळ्यांचा पडदा हवा. पाती पक्की जखडलेली नकोत, बिजागरीवर मागे वळणारी हवीत, म्हणजे दगड लागला की पाते हटेल. दांड्यात मऊ शिअर बोल्ट हवा. अडथळा आला की तो दहा-वीस रुपयांचा बोल्ट तुटतो आणि गिअर वाचतो. तिथे कोणी हट्टाने पक्का बोल्ट ठोकला तर समजावे की त्याने गिअरबॉक्स विकायला काढला. शिवाय जुन्या धर्तीच्या ट्रॅक्टरात क्लच दाबला तरी फिरती पाती उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलत राहतात. त्यासाठी एका बाजूनेच फिरणारा जोड मिळतो, तो बसवून घ्यावा. आणि फिरत्या दांड्यावर झाकण हवेच हवे. ओढणीचे, लुगड्याचे, लुंगीचे एक टोक त्यात सापडले की माणूस ओरडेपर्यंत सगळे संपलेले असते. "हे झाकण कोणी काढलेलं मला दिसलं," मी म्हटले, "तर त्या दिवशी ट्रॅक्टरची किल्ली माझ्याकडे." पुतण्या काही बोलला नाही. आजोबांचा हात त्याने पाहिलेला आहे.

मग मी त्याला विचारले, "मावशीचं काय?"

आमच्या कुरणाचे गवत गेली वीसेक वर्षे एक मावशी अर्धलीने कापते. तिच्या दोन शेळ्या आणि एक म्हैस त्यावर जगतात. पुतण्याची अडचण खोटी नव्हती. मावशी साठीची झाली, सुना विळा धरायला तयार नाहीत, मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि तोवर कुसळे पक्व होतात. मीही तिच्या हातातल्या विळ्यावर कविता लिहून तिला तिथेच बसवून ठेवावे, असे मला वाटत नव्हते. अम्माचे गुडघे मी पाहिले आहेत. तिला कोणी यंत्र दिले असते तर तिने विळा नदीत फेकला असता.

आठवड्याने मी शहागडला गेलो. आम्ही तिघे बांधावर बसलो. पुतण्याने सांगितले की बागेसाठी चार फुटी रोटरी घेतो, कुरणाला कात्री-पट्टीचे यंत्र भाड्याने आणतो. मावशीने फक्त गोळा करायचे आणि बांधायचे. वाट्याचे कसे, हे विचारायला तो कचरत होता. मावशीनेच विषय काढला. म्हणाली, "कापायचं मशीननं, डिझेल तुमचं, मग अर्धं कशाला मागू? तिसरा हिस्सा द्या. पर बांधावरचं सगळं गवत माझं. तिथं तुमचं मशीन चढत न्हाई."

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. बांधावरचे गवत म्हणजे सगळा मारवेल, कुरणातला सर्वांत कसदार. मावशीला ते ठाऊक होते आणि आम्हालाही. मी मान डोलावली. पुतण्या हसला आणि म्हणाला, "ठरलं."

निघताना मावशी बांधावर वाकली, मूठभर मारवेल कापला आणि दाव्याला बांधलेल्या म्हशीपुढे टाकला. म्हशीने तो एका घासात संपवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)